झाकणावरची पळी

वहिनींनी पातेलं कधी पानांच्या मधे ठेवलं नाही. ते त्यांच्या उजव्या हाताशी, भिंतीला लागून, झाकण घालून ठेवलेलं असायचं. कुणी हात लांबवून झाकण उचलायला गेलं की म्हणायच्या, "मागा ना. मी बसलेय कशाला इथं?" आत किती उरलंय हे फक्त त्यांना ठाऊक असावं, म्हणून हा बंदोबस्त. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत आई, दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि कॉलेजात शिकणारा मी, एवढी जेवणारी माणसं. दादाची कोलशेतची कंपनी बंद पडलेली, तो मिळेल ते काम करायचा. पण पानावर बसल्यावर हे कुणाला आठवू नये, असा वहिनींचा हट्ट होता.

भाजी त्या कल्याणच्या मार्केटातून आणायच्या, तीही दिवेलागणीला, उरलेल्या मालाचे वाटे लागतात तेव्हा. फ्लॉवरचे तुरे भाजीत जायचे, दांडे आमटीत. दुध्याच्या सालींची तीळ घालून चटणी व्हायची. आमटी वाढवायची झाली तर पाणी उकळून घालायच्या. "गार घातलं की आमटीला कळतं," म्हणायच्या. लसणाची फोडणी मात्र सगळ्यात शेवटी, आम्ही पानावर बसल्यावर. चर्र आवाज व्हायचा आणि वास शेजारच्या खोलीपर्यंत जायचा.

"अगं, ही फोडणी आधीच का नाही देत?" आई विचारायची.

"आता दिली की सगळे वास घेतात, आई. आमटी पातळ आहे का घट्ट, कोणी बघत नाही."

पळीचंही असंच. एरवी ती पातेल्यातच असायची. पण अचानक पाहुणे आले आणि जेवण पुरणार नाही असं दिसलं, की वहिनी पळी बाहेर काढून झाकणावर आडवी ठेवायच्या. पाहुण्यांना त्यात काही वेगळं दिसायचं नाही. आम्ही घरचे मात्र तिथंच थांबायचो. दादा मोठ्यानं ढेकर द्यायचा, मी "झालं माझं" म्हणायचो, मुलं हात धुवायला पळायची. पाहुणे आग्रहानं पोटभर जेवायचे. ते गेले की वहिनी पदर खोचून कुळथाची पिठी टाकायच्या आणि मग आम्ही सगळे, त्यांच्यासकट, पुन्हा बसायचो. पिठी, गरम भात आणि हशा. "भाऊजी, तुम्ही फार घाईनं उठता हो," वहिनी मला बोलायच्या. "जरा रेंगाळत जा. एखाद्याला संशय यायचा."

मला नोकरी लागली आणि ठाण्याच्या मेधाशी लग्न ठरत आलं. तिच्या घरी जेवायचं टेबल होतं, काचेची भांडी होती. एकदा जेवताना तिच्या वडिलांनी आमच्या घरच्यांची चौकशी केली आणि मी पळीची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली, दादाच्या ढेकरासकट. सगळे खूप हसले. ती गोष्ट मी वहिनींच्या कौतुकानं सांगितली, असं नंतर स्वतःला पटवत राहिलो. ते खरं नाही. मला त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी एक व्हायचं होतं. आपल्या घराला हसलं की माणूस त्या घरातून थोडा बाहेर पडतो, तसा मी पडलो.

पुढं ती मंडळी आमच्याकडे जेवायला आली. वहिनींनी मटकी भिजवून मोड आणलेले, पुऱ्या, शेवयांची खीर. येणार होते मेधा आणि तिचे आईवडील. बरोबर मेधाची मावशी आणि काकाही आले. वहिनींनी हसून पानं वाढवली. जेवण अर्ध्यावर आलं आणि त्यांनी पळी उसळीच्या झाकणावर ठेवली.

दादानं ढेकर दिला. मी काही बोलण्याआधीच मेधाच्या वडिलांनी पानावर हात आडवा धरला. "बास बास, पोट भरलं." मग तिच्या आईनं धरला, काकांनी धरला. मावशी मेधाच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हीच ना गं ती पळी?"

वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग झाकण काढलं, "अहो, पळी ठेवायला जागा नाही म्हणून ठेवली, तुम्ही जेवा बघू सावकाश," असं म्हणत पातेल्याच्या तळापर्यंतची उसळ पाहुण्यांच्या पानांत वाढली. मंडळी गेल्यावर मला एवढंच विचारलं, "मेधाला तिखट लागली का हो उसळ?" त्या दिवशी पिठी झाली नाही.

त्यानंतर वहिनींनी पळी कधीच झाकणावर ठेवली नाही. त्याचा अर्थ मला कळला नव्हता, तो लग्नानंतर मेधानं सांगितला. दिवाळीत आम्ही ठाकुर्लीला गेलो होतो, पाहुणे होते. दादानं दोनदा भाजी मागून घेतली, मीही घेतली. परतताना मेधा म्हणाली, "वहिनी नुसत्या ताकभातावर उठल्या. तुम्हाला कुणाला दिसलं नाही?" पळी होती तेव्हा कमी पडलेलं आम्ही सगळे वाटून घ्यायचो. आता ते एकट्या वहिनींच्या वाट्याला येत होतं. दादाला, मुलांना जी खूण करायची, तीच मी काढून घेतली होती. माझं चुकलं, हे मी वहिनींना सांगायला हवं होतं. दर वेळी ठरवून जायचो आणि जेवून परत यायचो.

दादा गेल्यावर वहिनी अधूनमधून आमच्याकडे राहायला येतात. परवा संध्याकाळी जेवायला बसणार, तोच आमच्या लेकीच्या, ऋचाच्या ऑफिसातली पोरं न सांगता आली. मेधा गडबडली. "बाहेरून मागवू का काहीतरी?"

"ते येईस्तोवर ही उठून जातील गं," वहिनी म्हणाल्या. "वाढ तू. आमटी माझ्याकडे दे."

टेबलाच्या कडेला, उजव्या हाताशी पातेलं ठेवून त्या बसल्या. पोरं भुकेली होती, हसत-खिदळत जेवत होती. मी वाटी पुढं करणार, इतक्यात वहिनींनी पळी काढली, पुसली आणि झाकणावर आडवी ठेवली.

माझा हात तिथंच राहिला. माझ्याआधी मेधा म्हणाली, "झालं माझं." ऋचानं वाटी पुढं केली होती, मेधानं ती टेबलाखालून तिच्या गुडघ्याला हात लावून मागे घ्यायला लावली. मी मात्र उठलो नाही. रेंगाळलो.

पोरं गेली तशी वहिनींनी डब्यातून कुळथाचं पीठ काढलं. गॅसपाशी मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

"काय भाऊजी," त्या कढईकडे बघत म्हणाल्या, "ह्या पोरांना आधी सांगून ठेवलं नव्हतंत ना?"

"वहिनी, तेव्हा मी..."

त्यांनी पळी माझ्या हातात दिली. "ढवळा हो आधी. गुठळ्या होतील."