पुंडलिक तांडेलाचे ठिपके

बोईसरला रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत मोनालीचं दुकान आहे. दुकान कसलं, खुराडंच ते. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहायचं. पण एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना ज्या फायलींची खिचडी होते, त्या घेऊन सगळे तिच्याकडेच येतात. कारखान्यातल्या जुन्या मशीनवरून नव्या कॉम्प्युटरवर आणलेले आणि वाटेत नुसते चौकोन होऊन बसलेले तक्ते असोत, नाहीतर उघडल्यावर शिव्यांसारखी दिसणारी पत्रं असोत, मोनाली चष्मा वर सरकवते आणि म्हणते, "ठेवा. उद्या या." माणसांशी तिचं फारसं पटत नाही, फायलींशी पटतं. ती सालवडला राहते. वडील जव्हारकडून कंपनीत कामाला आले आणि इथलेच झाले. समुद्र रिक्षाच्या अंतरावर, पण बाईनं तो कधी गुडघ्याच्या वर अंगाला लागू दिला नव्हता.

तिच्याकडे एका सकाळी नवापूरचा नीलेश आला. बरोबर त्याची आई मंजुळा, आणि तिच्या मांडीवर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं बोटीवरचं जुनं जीपीएस यंत्र. नीलेशचे वडील पुंडलिक बोटीचे तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे आणि मासा कुठे धरायचा ते ठरवणारे. मासेमारी बंद असतानाच्या दिवसांत ते बसल्या जागी गेले. आता नारळी पुनवेनंतर बोट नीलेशनं न्यायची होती, पहिल्यांदाच.

"बाबाची सगली ठिकानं यात हायत, ताई," नीलेश म्हणाला. "मासा कुठं, खडप कुठं. आमाला त्यानं यंत्राला हात लावू दिला नाय. तांडेल होशील तवा घे, म्हनायचा."

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. जाळं त्यात अडकलं तर फाटतं, बोट लागली तर माणसं जातात. जुनं यंत्र मरायला टेकलेलं, म्हणून नीलेशनं दुसऱ्या कंपनीचं नवं आणलं होतं आणि विकणाऱ्याच्या माणसानं जुन्यातली ठिकाणं कशीबशी नव्यात ओतली होती. पडद्यावर नावांच्या जागी किडे-मुंग्या, आणि नवापूरच्या खाडीचं तोंड अर्नाळ्याच्या पश्चिमेला भर समुद्रात. खलाशी आधीच कुजबुजत होते की पोराला दर्या कळत नाही, आणि नीलेशलाही आतून तेच वाटत होतं. बापाचे ठिपके मिळाले नाहीत तर तो त्या माणसांना घेऊन आंधळाच निघणार होता.

मोनालीनं ठेवा म्हटलं, उद्या या म्हटलं.

पहिली गाठ तिला सोपी गेली. जुनं यंत्र जागा अंश आणि मिनिटांत लिहायचं, नवं ती मिनिटं दशांश समजून वाचत होतं. ते सरळ केल्याबरोबर सगळे ठिपके उडून आपल्या किनाऱ्यासमोर येऊन बसले. मग नावांची लिपी जुळवली. खडपांपुढे नुसता इंग्रजी 'के', आणि माशांच्या जागांना घरच्यांची नावं. सपना, हेमाली, साखरबाई. मंजुळाच्या नावाच्या तर चार-पाच जागा. मोनाली हातातला चहा विसरून बघत राहिली. एका माणसाचं सगळं आयुष्य तिच्या टेबलावर पसरलं होतं. जे पाणी तिला आजवर नुसतं पाणी दिसलं होतं, त्यात त्यानं एवढी घरं बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेक परत आले. नीलेशनं पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "सपना इथं नाय. इतकी लांब नाय ती." मग तो थोडा ओशाळून बोलला, "पन बाबा कदीच ठिपक्यावर जात नसे. ठिपका पुढं दिसायचा आनि हा मागंच जालं सोडायला सांगायचा. मला वाटायचं, यंत्रच खोटं हाय."

मोनालीनं त्याचा मोबाइल मागितला. त्यात घोळ माशाला मिठी मारून काढलेले, बोटीवरच्या मोठ्या मावऱ्याचे, म्हणजे धरलेल्या मासळीचे, फोटो होते, आणि फोटो कुठे काढला ते मोबाइल आपल्याशी लिहून ठेवतो. कुठला फोटो कुठल्या जागेवरचा ते नीलेश सांगत गेला आणि तिनं एकेक फोटो नकाशावर ठेवला. प्रत्येक फोटो आपल्या ठिपक्यापासून जमिनीच्या बाजूला पडला, आणि सगळे सारख्याच अंतरावर. बिघडलेली फाइल अशी शिस्तीत बिघडत नाही. ती बिघडते ती वेड्यावाकड्या पोरासारखी.

तिला चेव चढला जरा. तिनं सगळी फाइल एका दमात तेवढी जमिनीकडे सरकवली आणि खुर्चीत मागे रेलली. सपना फोटोवर बरोबर बसली, हेमाली बसली. पण खाडीचं तोंड गावात चढून सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीवर जाऊन बसलं होतं. तिनं घाईघाईनं खडपं पाहिली. नव्या यंत्राच्या नकाशात जे खडक छापलेले होते, त्यांवर पुंडलिकाचे 'के' मघापर्यंत नेमके होते; आता एकूण एक साफ पाण्यात आले होते. हे असंच भरून दिलं असतं तर पोर बोट घेऊन थेट खडपावर गेलं असतं. तिनं केलेलं सगळं परत मागे घेतलं.

"काकी," ती मंजुळाला म्हणाली, "माशांच्या जागा सरकवलेल्या आहेत आणि खडपं जागच्या जागी आहेत. हे यंत्रानं केलेलं नाही. माणसानं केलंय."

"एकदा यंत्र दुरुस्तीला दिलं तवा कुनीतरी त्यातली ठिकानं उतरून घेतली," मंजुळा म्हणाली. "दुसऱ्या गावच्या बोटी आमच्या जागांवर यायला लागल्या. मंग याचा बाबा रोज ओट्यावर यंत्र घेऊन बसायचा. मला वाटलं, खेलतोय. आता कलतंय, मासा लपवीत होता."

"मग खडपं का नाही लपवली?"

मंजुळानं तिच्याकडे असं पाहिलं की प्रश्न विचारल्याची तिला लाज वाटली. "चोरनारा पन दर्यावरच जानार ना, बाय. त्याच्या घरी पन कुनी वाट बघतंय. रिकामा आला तर शिव्या देईल. आलाच नाय तर?"

आपल्या घरात चोर शिरणार हे ठाऊक असलेल्या माणसानं डबे लपवले होते आणि विहिरीपाशी दिवा लावून ठेवला होता. तेही एकेक ठिपका बोटानं दाबत, कुणाला न सांगता. आणि मग प्रत्येक फेरीला मनातल्या मनात तेवढं अंतर वजा करत, ऊन असो, वारा असो, तो खऱ्या जागी जाळं सोडत राहिला. असल्या माणसाला आपण कधी पाहिलंही नाही, याचं तिला खरोखर वाईट वाटलं.

"माशांच्या जागा खऱ्या जागी आणून देऊ?" तिनं नीलेशला विचारलं.

"नको. बाबानं ठेवलंय तसंच राहू दे. किती सरकवलंय तेवडं सांग, मी डोक्यात ठेवतो."

तिनं आकडा सांगितला. त्यानं ओठांतल्या ओठांत तो घोकला.

नारळी पुनव झाली, बोटी निघाल्या. नीलेशचा फोन आला तेव्हा मागे खलाशांचा गलका होता आणि त्याला धड बोलताही येत नव्हतं. "सपनावर हाव, ताई. ठिपका पुढं हाय आनि जालं भरलंय." घरी परतल्यावर त्यानं सरंग्यांची पिशवी दुकानात आणून ठेवली, आणि दिवसभर गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून आली.

माशांच्या जागा मोनालीनं आपल्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकल्या. आकडा तिला अजून पाठ आहे, पण तो विचारणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावते. खडपं मात्र तिनं मंजुळाला विचारून ठेवून घेतली. कुठल्याही गावचा तांडेल नवं यंत्र घेऊन आला, अगदी पुंडलिकाच्या जागा चोरणाऱ्यांच्या गावचा असला, तरी ती त्यात न मागता सगळे 'के' भरून देते आणि त्याचे पैसे घेत नाही. ही खडपं कुणाची म्हणून विचारलं तर सांगते, पुंडलिक तांडेलाची.