भरतीला जाणारं इंटरनेट

वायर टाकली असती तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. वायरीचं इंटरनेट एक तर चालतं, नाहीतर कुठेतरी उंदराने कुरतडलेलं असतं. विषय संपला. आम्ही पडलो हौशी. नवघरहून खाडीपलीकडच्या पाली या कोळीवाड्यापर्यंत हवेतून इंटरनेट न्यायला निघालो आणि किस्से गोळा करून परत आलो. दिल्या आजही काशीमीऱ्याला भेटला की चहा यायच्या आत सुरू करतो, "संज्या, ते आरशांचं आठवतं का रे?" मग एकातून दुसरा निघत जातो. शेवटचा मात्र आम्ही एकमेकांनाही सांगत नाही.

नवघरला माझं छोटं सायबर कॅफे होतं. सात मशीन, त्यांतली पाच चालू. दिल्या, म्हणजे दिलीप, मूळचा रत्नागिरीचा. केबलवाल्याकडे वायरी ओढायचा आणि उरलेल्या वेळात माझ्याकडे पडलेला असायचा. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट.

*

रोझा मावशी पालीची. सकाळच्या बसने मासळीची पाटी घेऊन यायची आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची. तिची एकुलती एक मुलगी लीना कुवेतला नर्स होती. लीनाला शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी मावशी पाटी बाहेर झाकून ठेवून आत यायची. साबणाने हात धुतलेले, तरी ते पदराखाली लपवलेले.

स्क्रीनवर लीना दिसली की मावशी पाली गावात ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, हळू बोललीस तरी ऐकू जातं तिला."

"तू गप. कुवेत कुठं हाय ते तुला ठावं हाय का?"

एका शुक्रवारी तिने बाहेरून सरंगा आणला आणि थेट कॅमेऱ्यासमोर धरला. "बग गो, ताजा हाय. वास येतो का?" बाजूच्या मशीनवरचा मुलगा नाक दाबून उठून गेला. लीना तिकडे हसत होती, आणि हसता हसता तिने तोंडावर ओढणी घेतली. मासा तसाच कॅमेऱ्यासमोर होता.

*

पुढचा किस्सा माझा, आणि तो मला आवडत नाही.

बारावीच्या निकालाचा शुक्रवार होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक मशीनवर चार-चार पोरं, मागे त्यांचे आईबाप. मावशी दारात आली, हात पदराखाली. मी खुर्चीवरून न उठताच ओरडलो, "मावशी, आज नाही. पुढच्या शुक्रवारी."

"पाचच मिनटं दे, पोरा. तिचं तोंड बगते नि जाते."

"मावशी, गर्दी बघतेस ना?"

ती गेली. पालीच्या स्टॉपवर बसमधून उतरताना तिला शेवटची पायरी दिसली नाही आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी डोळेही तपासले तेव्हा कळलं की काचबिंदू होता, निदान दोन वर्षांचा. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यात थोडं उरलं होतं आणि तेही जाणार होतं. मासळीची पाटी दोन वर्षं ती सवयीने उचलत होती आणि आम्हाला कोणाला कळलं नव्हतं.

आठवड्याने तिचा नवरा, बस्त्याव काका, दुकानात आला. आयुष्यभर होडीवर गेलेला माणूस, खुर्चीत बसेना. उभ्या उभ्याच म्हणाला, "ती आता उठायची न्हाय. डोळं हायत तंवर लीनाला बगायचं म्हणते. लीनाला दीड वरीस सुट्टी न्हाय. डोळ्याचं तिला सांगू नको, न्हायतर नोकरी सोडून येल. तुझी मशीन आमच्याकडं आण."

मशीन नेणं सोपं होतं. पण पालीत तेव्हा इंटरनेटची लाइन पोचली नव्हती, आणि साध्या फोनवरून आवाज जातो, चेहरा जात नाही. मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

*

बेत असा ठरला. नवघरच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर केबलवाल्याची जुनी जाळीची छत्री, म्हणजे डिश, लावायची आणि तिच्या मध्यावर वायरलेसचा डबा, कॅफेच्या लाइनला जोडलेला. समोर मिठागरं आणि खाडी, त्यापलीकडे टेकडी. टेकडीवर काकाच्या चुलतभावाची वाडी होती. तिथे दुसरी छत्री बसवायची आणि तिथून खाली मावशीच्या घरात सिग्नल सोडायचा.

गच्चीची किल्ली सेक्रेटरी मेहताशेठकडे होती. त्यांनी छत्रीकडे असं पाहिलं, जणू आम्ही गच्चीवर तोफ चढवतोय. "इससे रेडिएशन आता है. बाल झड़ते हैं."

दिल्याने त्यांच्या चकचकीत टकलाकडे पाहिलं. मी दिल्याच्या पायावर पाय दिला आणि सगळं खरं सांगितलं. मावशी, लीना, डोळे, सगळं.

मेहताशेठ उठले. आत जाऊन किल्ली घेऊन आले. ती हातात देताना हळूच म्हणाले, "मेरा लड़का न्यू जर्सी में है. छह साल हुआ. इसपे वो भी दिखेगा क्या?"

दिसेल, म्हटलं. ते दर रविवारी गच्चीवर येऊन छत्री पुसून जायचे. मुलाचा नंबर मात्र त्यांनी मला कधी दिला नाही.

*

दोन छत्र्या एकमेकींच्या नेमक्या समोर यायला हव्यात. बोटभर हलली तरी सिग्नल खाडीत. मी नवघरच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन, दिल्या टेकडीवर. ठरलं असं की पावसाने उघडीप दिली की दिल्याने उन्हात आरसा चमकवायचा आणि मी त्या चमकेवर छत्री रोखायची.

दुर्बीण लावली तर टेकडीवर एक सोडून वीस आरसे चमकताहेत! दिल्याला फोन केला.

"अरे, रोझा मावशीसाठी चाललंय असं कळलं नि अख्खी पाली वर आली मेल्या. बायका घरातले आरसे उतरवून घेऊन आल्यात. मी नको म्हटलं तर रागावतायत."

प्रत्येकीला वाटत होतं, आपला आरसा चमकला तरच रोझाला लीना दिसणार. शेवटी दिल्याने सगळ्यांना एका रांगेत बसवलं आणि एकेकीला आरसा झाकायला लावलं. शेवटची बाई झाकेना. "माजं काम झालं का, ते आदी सांग," म्हणे. तिच्याच आरशावर मी छत्री रोखली. अजून तिला वाटतं की सिग्नल तिच्यामुळे लागला, आणि ते अगदीच चूक नाही.

*

सिग्नल लागला तसा गेलाही. दोन-तीन तास गायब, मग आपोआप हजर. दिवसातून दोनदा. पहिल्या शुक्रवारी लीना कुवेतला मशीनसमोर बसून राहिली, मावशी इकडे, आणि मध्ये काही नाही.

तिसऱ्याच दिवशी बस्त्याव काकाने निदान केलं होतं. ओट्यावर जाळं शिवत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "भरतीला जातं. ओहोटीला येतं."

आम्ही दोघं हसलो. दिल्या म्हणाला, "काका, हे इंटरनेट आहे. होडी नाय."

काका जाळं शिवत राहिला.

आम्ही मग केबल बदलली, कनेक्टर बदलले. दुसऱ्या शुक्रवारी डबाच उतरवून दुकानात उघडून बसलो. तिसऱ्या शुक्रवारी तो चढवला, दुपारी सिग्नल गेला. चौथ्या शुक्रवारी पुन्हा उतरवला. दिल्या कावळ्यांना शिव्या द्यायचा, मी दिल्याला.

महिना असा गेल्यावर मी पराभूत होऊन वेळा लिहायला बसलो. सिग्नल कधी गेला, कधी आला. तो कागद काकाला दाखवला. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. पुनव, अवस, अष्टमी, बोटाने दाखवत गेला. एकही वेळ चुकली नाही. खाडीचं पाणी मिठागरांच्या कडेपर्यंत चढलं की सिग्नल पाण्यावर आपटून बिघडायचा, उतरलं की सुधारायचा.

"पुनवेला नि अवसेला दुपारी भरती. अष्टमीला दुपारी ओहोटी," काका म्हणाला. "एक शुक्रवार सोडून एक चाललं असतं."

दुसरा आणि चौथा. नेमका त्या दोन्ही शुक्रवारी डबा माझ्या टेबलावर उघडा पडला होता.

मी काकाची माफी मागितली. तो म्हणाला, "तू शिकलेला हायस, तुला काय म्हणू?" हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं.

*

सहावा शुक्रवार अष्टमीचा होता. डब्याला हात लावायचा नाही, असं दिल्याला मी शपथ घातली होती. दोन्हीकडून चित्र सोडलं की आवाज तुटतो, हे आदल्या दिवशी कळलं होतं. म्हणून लीनाला मेल केला: आमचा कॅमेरा लावणार नाही, फक्त तुझा लाव, आईला तू दिसायला हवीस. मावशीला हे सांगितलं नव्हतं. तिला कशाला घोळात पाडा.

मी पोचलो तेव्हा मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, कानात सोन्याचं. काकाला म्हणत होती, "लीनानं पयल्या पगाराचं धाडलेलं, ते लाल लुगडं द्या." काका ट्रंकेत कितीतरी वेळ शोधत राहिला. शेवटी एक लुगडं काढून त्याने तिच्या खांद्यांवरून पांघरलं आणि दारात जाऊन उभा राहिला.

मी मशीन तिच्यासमोर मांडलं. मावशीने माझा हात धरला आणि पुटपुटली, "पोरा, ती कुठल्या बाजूला दिसंल? मला तिकडं तोंड करून दे."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. काकाने मान हलवली. परवापासून, त्याने नुसते ओठ हलवून सांगितलं.

मी तिची हनुवटी धरून तोंड स्क्रीनकडे वळवलं. कॅमेरा माझ्या बॅगेत होता. तो तिथेच राहिला.

बाहेर पाणी उतरलं होतं. लीना आली. स्वच्छ, स्थिर, एवढी स्पष्ट की मागच्या भिंतीवरची खुंटीसुद्धा दिसत होती. अंगाने भरली होती, गाल वर आले होते.

"आई, मी दिसते का गो?"

मावशी हसली. "दिसतेस तर. पण किती बारीक झालीस. जेवत न्हाय का?"

लीनाने ओढणीने डोळे पुसले. मग स्क्रीनच्या अगदी जवळ आली, तिच्यासमोर तर नुसती काळी चौकट असणार, आणि म्हणाली, "तू पण छान दिसतेस, आई. ते लाल लुगडं नेसलीस ना? किती शोभतंय तुला."

मावशीने खांद्यावरच्या पदरावरून हात फिरवला. "हो गो. तेच लाल."

लुगडं हिरवं होतं.