खंडूचं पथ्य आणि हिरामावशीची तपासणी

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी विचुंब्याला, आमच्या सोसायटीच्या गेटवर, कोळणीशी भांडायला गेले... आणि तिला घरी घेऊन आले.

भांडण खंडूवरून होतं. खंडू म्हणजे आमचा कुत्रा. कोन गावाजवळ हायवेच्या कडेला सापडलेला, अस्सल गावठी. बघायला गेलं तर राजबिंडा, पण पोट असं नाजूक की काही विचारू नका.

बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, हे दुखणं जन्माचं आहे, खाण्यावरच सांभाळायचं. बाहेरून आणून बाहेरच दिलेलं चिकन त्याला सोसेना. तयार डॉगफूड सोसेना. पनीर दिलं तर दोन दिवस सोफ्याची कव्हरं धूत बसले... शेवटी उरला मासा. उकडलेला मासा, मऊ भात, लाल भोपळा. तेल, तूप, मीठ, मसाला अजिबात नाही.

आता आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा म्हणजे सरकारी नोकरीतून रिटायर झालेले आणि चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारे. त्यांनी दोन दिवस विचार करून परवानगी दिली... शेगडी वेगळी, पातेलं वेगळं, आणि शिजवायचं बाल्कनीत.

हिरामावशी उरणकडची. आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन आमच्या गेटवर बसते. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, बिनवासाचा मासा आहे का? ती इतकी हसली की वॉचमन उठून बघायला आला. मग तिनेच खंडूसाठी ढोमी ठरवून दिली. पांढरा मासा, चरबी कमी.

सकाळी मी शिजवून, काटे काढून ऑफिसला जायचे. दुपारी वाढायचं काम बाबांचं. शिवाय बाबांनी खंडूच्या शीची नोंदवही सुरू केली. तारीख, वेळ, काय खाल्लं, आणि शेरा... घट्ट, मध्यम किंवा प्रवाही. प्रत्येक नोंदीखाली सही. डॉक्टरांनी ती वही हातात घेतली आणि आधी सगळ्या सह्याच बघितल्या.

तर इतकं करूनही शेरा ‘प्रवाही’च. खंडूच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, वजन अजून उतरलं तर स्टिरॉइड सुरू करावे लागतील. त्या दिवशी रिक्षात त्याला मांडीवर घेऊन मी रडले, खोटं कशाला सांगू.

मग मी ठरवलं, मासाच शिळा असणार. आणि रविवारी गेटवर जाऊन तसं बोलले. चार गिऱ्हाइकांसमोर.

हिरामावशीने कोयता बाजूला ठेवला, हात धुतले, टोपली वॉचमनच्या हवाली केली. “माजा म्हावरा ताजा हाय,” ती म्हणाली. “चल, दाखव मना तुमी काय करता त्याचा.”

आमच्या घरात कोळीण पहिल्यांदाच आली. बाबांनी दार उघडलं, नाकावर उपरणं घेतलं, पण ‘या, बसा’ म्हणाले. मावशी बसली नाही. थेट बाल्कनीत जाऊन तिने पातेल्यातला तुकडा तोंडात टाकला आणि मासा चांगला असल्याचं जाहीर केलं. मीठ नाही म्हणून तोंड तेवढं वाकडं केलं. मग म्हणाली, रोज वाढता तसं आता माझ्यासमोर वाढा.

मी ताटली ठेवली. खंडू आला, ताटलीसमोर बसला... आणि खाईना.

तो वर बघत होता. स्वयंपाकघराच्या फळीकडे. मग बाबांकडे. मग परत फळीकडे. बाबा पंख्याकडे बघत होते.

“आजोबा,” मावशीने विचारलं, “त्या बरनीत काय हाय?”

“तूप,” बाबा म्हणाले. थोडं थांबून... “एकच चमचा घालतो. कधी दोन.”

मी वही उघडून दाखवली. चार महिन्यांच्या नोंदी, भोपळ्याच्या फोडीसुद्धा लिहिलेल्या, आणि तुपाचा उल्लेख कुठेही नाही! मी भयंकर चिडले. इतकी की बाबांशी कधी बोलत नाही तशी बोलले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खंडूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझ्या आईला शेवटचं वर्षभर कोरडा भात वाढला मी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आता परत नाही वाढवत गं कोणाला.”

माझं भांडण तिथेच संपलं. आईला जाऊन तीन वर्षं झाली, आणि हे मनात सलतंय असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

मावशी मात्र खाली मांडी घालून बसली, बाबांनाही समोर बसवलं आणि ताटली मध्ये ओढली. “तूप नाय, तर काटं काडा तुमी त्याच्यासाटी. एकपन काटा ऱ्हावाला नाय पायजे. काटं काडन्यान पन माया हाय.” मधला काटा कसा उचलायचा, बारीक काटे बोटाला कसे लागतात, सगळं तिने करून दाखवलं. मी काढलेल्यातून तिला तीन सापडले, ते वेगळं.

बाबांनी उपरणं नाकावरून काढून खांद्यावर टाकलं. वाचायचा चष्मा लावला.

आता रोज दुपारी बाबाच काटे काढतात. पाऊण तास लागतो, खंडू समोर बसून लक्ष ठेवतो. वहीत नवीन रकाना आलाय... तूप : निरंक. परवा तर बाबांनी खाली जाऊन मावशीला सांगितलं म्हणे, की आजची ढोमी जरा बारीक वाटते. गेटवर मी मावशीची माफी मागितली, त्याच चार बायकांसमोर. तिने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

स्टिरॉइड टळले. काल वजन केलं, खंडू दीड किलोने वाढलाय.

मीही वाढलेय. त्याच्या वाटचं तूप बाबा आता रोज माझ्या डब्यातल्या भातावर घालतात... दोन चमचे. मी डबा उघडते आणि गुपचूप संपवते.