मरळीसाठी रंगवलेला चमचा

लढाईच्या दिवसांत मी बसऱ्याला पलटणीच्या मोटारी चालवत होतो. लेक झाल्याचं तिथंच कळलं, पण रजा मिळेना. शेवटी मिळाली आणि बोटीतून, मग आगगाडीतून असा मी कऱ्हाडला उतरलो, तिथून शिराळ्याच्या बाजूला आमच्या गावी आलो. ट्रंकेत लेकीसाठी घेतलेलं रेशमी टोपडं होतं. दारात आई भेटली. माझ्या हातातली ट्रंक तिनं घेतली, खाली ठेवली आणि तिथंच बसून रडायला लागली. पोर तापानं गेली होती. माझी गाडी यायच्या आधी, फार आधी नाही.

मी माझ्या लेकीचं तोंड कधी पाहिलं नाही.

बायको आतल्या सोप्यात भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी हाक मारली तेव्हा तिनं वळून पाहिलं आणि परत भिंतीकडं वळली. तिला मी लग्नात पाहिलेली, त्यानंतर एका रजेत. अंगानं भरलेली, खळखळून हसणारी बाई होती ती. आता मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आई म्हणाली, "पोर गेल्यापासनं हिनं अन्नाला शिवायचं सोडलंय बघ. पाण्याचे दोन घोट घेती, बास. बोलत न्हाई, रडत न्हाई."

शिराळ्याचा डॉक्टर येऊन गेला. देवऋषी येऊन गेला. तिच्या माहेरहून वारणाकाठच्या गावातनं तिची आई आली, चार दिवस राहिली, डोळे पुसत परत गेली. भाताची पेज, दूध, ताक, नाचणीची आंबील, सगळं तिच्या उशाशी यायचं आणि तसंच उचललं जायचं. मी तर तिला जवळजवळ परकाच होतो. काय बोलावं हेच कळायचं नाही. तिच्याजवळ बसायचो आणि तिच्या श्वासाकडं बघत राहायचो. पोट इतकं आत गेलं होतं की लुगडं वरखाली होताना दिसायचंसुद्धा नाही.

एका सकाळी आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "पोरी, काय खावंसं वाटतंय तुला? सांग की गं. काय बी सांग."

तिनं कोरडे ओठ जिभेनं ओले केले. मग म्हणाली, "मरळीचं कालवण."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मी आल्यापासून ऐकलेले हे तिचे पहिले शब्द. आता वाटतं, आईनं पिच्छा सोडावा म्हणून ती काहीतरी बोलली असेल. पण तेव्हा आम्हाला दुसरं काहीच धरायला नव्हतं. मी तसाच उठलो आणि नदीला गेलो.

वैशाख होता. वारणेचं पाणी आटून डोहाडोहांत राहिलं होतं. भोयांनी जाळी टाकून मला बारकी मासळी दिली, पण मरळ त्यांच्या जाळ्यात येईना. मरळ खडकाच्या कपारीत नाहीतर शेवाळाच्या आड राहते, तिथं जाळं फाटतं. मी गांडूळ लावून गळ टाकला, बेडकी लावून टाकला. आमिष खेकडेच खाऊन जायचे. आईनं बारक्या मासळीचं कालवण केलं तर वासानंच तिला कोरड्या ओकाऱ्या आल्या.

तेव्हा मला ट्रंकेतला चमचा आठवला. बसऱ्याला आमचा एक साहेब नदीवर मासे मारायला जायचा, मोटार मी चालवायचो. त्याच्याकडं चमच्याच्या पात्यासारखे पितळी तुकडे होते, दांडा नसलेले. एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला गळ. पाण्यात फेकून ओढला की तो डगमगत, चमकत येतो आणि मोठ्या माशाला वाटतं, जखमी बारका मासा चाललाय. बदली झाली तेव्हा त्यानं त्यातला एक मला दिला होता. मी तो बाहेर काढला. पितळ शाबूत होतं, पण गळ गंजून भुगा झाला होता.

नवा गळ आणायला मी सांगलीला गेलो. पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढाला थांबायची, आम्ही उतरून ढकलायचो. सांगलीच्या बाजारात दुकानदार म्हणाला, "लढाई चाललीय मामा, विलायती माल कुठला आता?" त्याच्याकडं बारके गळ तेवढे होते. तेच घेतले. परतीच्या मोटारीत सगळा वेळ एकच विचार, घरी पोचेन तेव्हा ती असेल ना.

तीन बारके गळ पाठीला पाठ लावून तांब्याच्या तारेनं बांधले आणि कल्हईवाल्याकडून कथील ओतून पक्के केले. तारेचं काम मी मुद्दाम तिच्या अंथरुणाजवळ बसून केलं. तिनं बघावं, एवढीच आशा. ती बघत नव्हती.

पहिल्या दिवशी चमचा टाकला तर मासा जवळ फिरकेना. उन्हाळ्यातलं नितळ पाणी, त्यात लखलखीत पितळ. मासे बुजत असणार. मग मी तो चुलीच्या धुरावर धरून काळा केला. तर आता तो मलाच दिसेना, माशाला काय दिसणार. राखेनं अर्धा घासला. मागं कोंबडीची पिसं बांधून शेपटी केली, ती भिजून गळाला चिकटून बसली. ती काढून बैलांच्या गोंड्यातली लाल लोकर बांधली. ती पाण्यात छान फुलायची. त्या दिवशी खडकाखालून एक काळी सावली चमच्यामागं आली, जवळ आली, थांबली आणि वळून गेली. मी तसाच पाण्यात उभा. ऊन डोक्यावर आलं, पाय बधिर झाले, तरी टाकतोय, ओढतोय, टाकतोय. ती सावली परत आली नाही.

घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "आज पाणी बी घेतलं न्हाई रं तिनं."

गेल्या बेंदराला बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ माळ्यावर एका करवंटीत वाळून पडला होता. तो जवसाच्या तेलात खलून चमच्याच्या पाठीवर लावला. शिंगांची उरलेली बेगड पोटाला चिकटवली. रंग वाळायला चमचा खिडकीच्या गजाला टांगला आणि मागं वळलो, तर तिचे डोळे उघडे होते. त्या लाल रंगावर होते. मग तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मरळ लागली. हाताला असा हिसका बसला की दोरी गुंडाळायला घेतलेला दुधाचा रिकामा डबा हातून सुटता सुटता राहिला. मासा खडकाकडं निघाला, मी ओढत होतो आणि एकाएकी दोरी सैल पडली. चमचा वर आला, बारके गळ तिन्ही सरळ होऊन गेलेले, खिळ्यांसारखे. मी काठावर बसलो आणि ओरडून ओरडून रडलो. पलीकडं धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. रजा संपत आली होती. मी गेलो की ही मरणार, आणि मला ते परत परक्या मुलखातच कळणार, लेकीचं कळलं तसं. नव्हे, लेकीचं तर तसंही कळलं नव्हतं.

त्याच दुपारी आईची गोणी शिवायची दाभणं मागून घेतली. चुलीत लाल केली, पकडीनं वाकवली, पाण्यात विझवली. पहिलं मोडलं. दुसरं आणि तिसरं नीट जमलं. कानशीनं घासून टोकाशी उलटा काटा काढला. लोकरीऐवजी घोंगडीच्या काळ्या दशा बांधल्या, त्यांत एकच लाल धागा ठेवला. पाठीवर हिंगुळाचा एक पट्टा, बाकी काजळी. असा तो बेडकीसारखा दिसायला लागला. सुंदर नव्हता. आई म्हणाली, "ह्याला काय मासा खाणार व्हय?" मी दोरी डब्याला गुंडाळायला लागलो.

सकाळी खडकाच्या कडेनं तिसऱ्यांदा टाकला तेव्हाच ती लागली. या वेळी मी दोरी ढिली सोडलीच नाही. हाताची कातडी सोलून निघाली, पण मरळ काठावर आली. हातभर लांब, काळीभोर, धडपडणारी. चमचा तिच्या जबड्यातच ठेवून ती धोतरात गुंडाळली आणि घरापर्यंत पळत आलो. पळताना तोंडानं काय बडबडत होतो कोण जाणे.

आईनं हात धुवून मासा घेतला. चमचा काढून मला दिला. खोबरं, लसूण, तिखट वाटलं, कालवण उकळलं. घरभर वास सुटला. आईनं वाटी भरली आणि मी ती घेऊन तिच्यापाशी बसलो. "हे बघ," म्हटलं, "मरळ. तुझ्यासाठी. ऊठ."

तिनं वाटीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि भिंतीकडं वळली.

मी वाटी खाली ठेवली. उठून परसात गेलो. कमरेला खोचलेला चमचा काढला आणि तो उकिरड्यावर भिरकावणार तोच हात मागं नेताना दोरी कशात तरी अडकली. मी रागानं हिसका दिला. दाभणाचा एक गळ माझ्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी, पार आत गेला. मी किंचाळलो. नुसत्या दुखण्यानं तसा आवाज निघत नाही. एवढ्या दिवसांचं सगळं त्यात होतं. आई आतून धावली आणि रक्त बघून तिथंच खाली बसली.

मी डाव्या हातानं गळ ओढायला लागलो तेव्हा मागून आवाज आला, "वढू नगा."

ती दारात उभी होती, चौकटीला धरून. भिंतीचा आधार घेत घेत ती माझ्यापर्यंत आली आणि माझा हात हातात घेतला.

"उलट्या काट्याचा हाय. वढलासा की मांस घिऊन यील," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या बोटात असाच गेलता. बसा खाली. आत्या, पक्कड द्या."

आईनं उठून पक्कड आणून दिली. बायकोनं गळ मागं ओढला नाही, पुढंच ढकलला, कातडीतून टोक बाहेर येईपर्यंत. मग पकडीनं काटा मोडला आणि बाकीचा गळ अलगद मागं काढून घेतला. तिच्या बोटांत ताकद नव्हती, दोनदा पक्कड सुटली. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं. हळद दाबून तिनं पदराची चिंधी बांधली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून दम खात बसली.

"तुमी जेवला न्हाईसा," ती म्हणाली.

मी मान हलवली. आईनं एकच ताट आणलं, भाकरी आणि कालवण. उजवा हात बांधलेला. मी डाव्या हातानं भाकरी मोडायला गेलो, तिनं ताट स्वतःकडं ओढलं आणि घास करून माझ्या तोंडात दिला. दुसरा दिला. तिसऱ्या घासाला काटा लागतोय का म्हणून मासा बोटांनी चाचपला आणि तो घास तिनं स्वतः खाल्ला. आई पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली.

लगेच सगळं बरं झालं, असं नाही. दुसऱ्या दिवशी ती परत भिंतीकडं तोंड करून पडली होती. पण दोन घास खाल्ले. त्याच्या पुढच्या दिवशी ताक घेतलं. मी निघालो तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली, पुढं आली नाही. पुण्याकडं जाणारी गाडी लोणंदला थांबली तेव्हा मी शिदोरी सोडली आणि तशीच परत बांधली; माझ्यामागं ही परत अन्न सोडेल, अशी भीती वाटत होती. लढाई संपेपर्यंत ती भीती तशीच राहिली.

परत आलो तेव्हा ती शेतात होती. भांगलण चालली होती. मला बघून खुरपं टाकून उभी राहिली.

पुढं आम्हाला मुलं झाली, मोठी झाली. लेकीबद्दल मात्र ती बोलत नसे आणि मी विचारत नसे. म्हातारपणी एका संध्याकाळी शेंगा फोडत बसलो होतो. एकाएकी ती म्हणाली, "आवं, तिचे केस कुरळे होते. तुमच्यासारखे. आन् शिंकली की स्वतःच दचकायची."

मी शेंगा फोडायचा थांबलो. म्हटलं, "आणखी सांग."

मग ती सांगत राहिली. बराच वेळ सांगत राहिली.