दुसरा वॉकओव्हर

आमच्या फुटबॉल लीगचा एक नियम आहे. सामना ज्याच्या घरच्या मैदानावर असेल, त्या क्लबने मैदान तयार करून द्यायचं. चुन्याच्या रेषा, दोन्हीकडे गोलपोस्ट, जाळ्या, सगळं. ते जमलं नाही, किंवा संघच पोचला नाही, तर समोरचा संघ न खेळता जिंकतो. त्याला वॉकओव्हर म्हणतात. एका हंगामात दोन वॉकओव्हर दिले की क्लबचं नाव लीगमधून कायमचं काढून टाकतात.

त्या हंगामात आम्ही एक वॉकओव्हर आधीच देऊन बसलो होतो. शहाडच्या बाजूला सामना होता. आमच्या निम्म्या पोरांना कंपनीने रविवारी ओव्हरटाइमला बोलावलं, काहींची परीक्षा होती, आणि मैदानावर सहाच जण पोचले. सातजण असल्याशिवाय रेफ्री शिट्टी वाजवत नाही. समोरचा संघ कपडे बदलून उभा होता आणि आमची सहा पोरं बुटाच्या नाड्या बांधून बसली होती.

मी या क्लबची मॅनेजर आहे. बाई मॅनेजर म्हणून सुरुवातीला खूप हसले लोक. एका क्लबच्या सेक्रेटरीने तर मला चारचौघांत विचारलं होतं, "ताई, ऑफसाइड कशाला म्हणतात सांगा बघू." मी सांगितलं. त्यानंतर त्याने मला चहा पाजला, पण पुढच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी तोच प्रश्न विचारला.

क्लब माझ्या बाबांनी आणि त्यांच्या कारखान्यातल्या सोबत्यांनी काढलेला. अंबरनाथच्या त्या कारखान्यात बाबा फिटर होते. पहिली पाळी सुटली की ही मंडळी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेवर जमायची. गोलपोस्ट वेल्डिंगवाल्यांनी भंगारातल्या पाइपांचे केले. जर्सी म्हणजे साध्या बनियनी, उल्हासनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात लाल रंगवून आणलेल्या. तो रंग कच्चा होता. खेळताना घाम आला की सगळा अंगावर उतरायचा, आणि त्यांना अडवायला आलेला समोरचा गडीही सामना संपेपर्यंत गुलाबी व्हायचा. बाबा घरी आले की आई त्यांना मोरीत उभं करून आधी पाणी ओतायची, मग घरात घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, फुटबॉल खेळलं की माणसाला रंग लागतोच.

पुढे कारखाना बंद पडला. सोबती पांगले, कुणी गावी गेलं, कुणी वारलं. क्लब मात्र बाबांनी सोडला नाही. कारखान्याची जागा गेली तेव्हा शिवमंदिराच्या अलीकडचं हे मैदान त्यांनी नगरपालिकेत खेटे घालून मिळवलं, म्हणजे रविवारी खेळायची परवानगी मिळवली. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. फिजिओथेरपीनंतर काठी घेऊन पाय ओढत चालायला लागले, आणि तीन शब्द परत आले. "हां", "नाय" आणि "बाय". बाय म्हणजे मी. क्लबच्या मीटिंगला तेव्हा त्यांच्या जागी मी जाऊन बसले, दुसरं कुणी तयार होईना, आणि मीच राहिले. आठवडाभर मी उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि रविवारी मैदानावर असते.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता, बदलापूरच्या संघाशी, सकाळी नऊला. बरोबरी झाली असती तर आम्ही होतो त्या गटात राहिलो असतो. हरलो असतो तर खालच्या गटात. आणि सामनाच झाला नाही तर सगळंच संपणार होतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही स्वतः चुना मारून, जाळ्या बांधून घरी गेलो होतो. सकाळी कॅप्टनच्या रिक्षातून बाबांना घेऊन मी मैदानावर उतरले आणि माझे पाय जागीच थांबले. आमचा कॅप्टन विठ्ठलवाडी स्टेशनवर रिक्षा चालवतो, बाबांना प्रत्येक सामन्याला तोच आणतो. त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडली.

मैदानाच्या एका टोकाला स्टेज उभं होतं. त्यावर झालर लावलेली नवी कोरी मोटरसायकल, मागे फोटोंचा मोठा बॅनर, दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती. टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा. आमचे दोन्ही गोलपोस्ट उपटून कंपाउंडला टेकवून ठेवले होते. मधल्या चुन्याच्या वर्तुळात काही पोरं क्रिकेटची मॅट उलगडत होती, एकाच्या हातात खिळे आणि हातोडा होता.

"अरे, हे काय चाललंय?" मी धावतच गेले. "आज आमचा सामना आहे इथे."

खिळेवाल्याने वर पाहिलं. "ताई, हमारा भी मॅच है. पोस्टर नाही बघितला का? भाऊंची ट्रॉफी आहे."

"माझ्याकडे नगरपालिकेची परवानगी आहे."

"आमच्याकडे पण आहे. भाऊ येतील, त्यांच्याशी बोला."

परवानगी खरंच दोघांकडेही होती, हे नंतर कळलं. भाऊ म्हणजे आमच्या भागातले एक होऊ घातलेले पुढारी. ते फोन उचलत नव्हते. मी एकदा लावला, कॅप्टनने लावला, पुन्हा मी लावला.

तोवर बदलापूरची बस आली. त्यांचा कोच खाली उतरला, त्याने स्टेज पाहिलं, मॅट पाहिली, मग घड्याळ पाहिलं. मी त्याला म्हटलं, "सर, थोडा वेळ द्या. काहीतरी करते."

तो माणूस वाईट नव्हता, पण तोंडावर बोलणारा होता. "ताई, नऊनंतर रेफ्री अर्धा तास थांबतो. त्यानंतर मी वॉकओव्हर मागणार. राग मानू नका. मला माझी पोरं वरच्या गटात न्यायचीत."

राग मानायला जागा नव्हती. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. रेफ्री तिथेच उभा होता, तरुण होता, चष्मा काढून पुसत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पोस्ट उभे नसतील तर माझा नाइलाज आहे."

आमची पोरं माझ्याभोवती जमली. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवू, कुणी म्हणालं मॅट उचलून फेकू. क्रिकेटवाले पंचवीस-तीस तरी असतील, आणि बॅटी त्यांच्याकडे होत्या. सगळे एकदम बोलत होते आणि मला एकाचंही नीट ऐकू येत नव्हतं.

त्या गडबडीत बाबांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी त्यांना रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. मान वळवली तर खुर्ची रिकामी.

ते मैदानाच्या मध्यावर पोचले होते. काठी टेकत, पाय ओढत, एकटेच. खिळेवाला पोरगा पहिला खिळा ठोकायला वाकला होता, त्याच्यासमोर बाबा थांबले, काठी बाजूला टाकली, आणि डाव्या हातावर भार देत खाली बसले. बसले म्हणण्यापेक्षा कोसळलेच. मॅटच्या बरोबर मधोमध.

बाबा जमिनीवर बसले की त्यांना स्वतःहून उठता येत नाही. घरी आम्ही त्यांना खाली बसूच देत नाही. मी पळत गेले.

"बाबा, उठा. ऊन लागेल. प्रेशर वाढेल तुमचं."

"नाय."

"बाबा, मी बोलते भाऊंशी. तुम्ही चला बघू."

"नाय," ते पुन्हा म्हणाले आणि मॅटची कडा डाव्या मुठीत धरली.

क्रिकेटवाल्यांतला एक दांडगा पोरगा पुढे आला. "ए म्हातारबा, ऊठ ना. खाली फुकट टाइमपास." त्याने बाबांच्या उजव्या दंडाला धरून वर ओढलं. तो हात लुळा आहे, खांदा निखळू शकतो. बाबांच्या तोंडून नुसता आवाज निघाला. मी ओरडले. त्याच क्षणी कॅप्टनने त्या पोराची कॉलर पकडली होती, आणि मागून आमची अख्खी टीम धावत येत होती. समोरून बॅटी हातात घेऊन ते निघाले.

रेफ्री माझ्यामागे येऊन उभा होता. "मॅडम, मारामारी झाली तर मला रिपोर्ट लिहावा लागेल. क्लब तसाही जाईल."

मी कॅप्टनच्या आणि त्या पोराच्या मधे शिरले. कॅप्टनचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "हात खाली कर," मी म्हटलं.

"ताई, त्याने काकांना..."

"मी पाहिलं. हात खाली कर. माझी शपथ आहे तुला."

त्याने कॉलर सोडली. सोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो दांडगा पोरगाही दोन पावलं मागे सरला, मात्र बॅट त्याने खाली ठेवली नाही. सगळे गोल करून उभे राहिले, मध्ये बाबा आणि मी. मी त्यांच्या डोक्यावर माझी ओढणी धरली. त्यांची नाडी बघितली, सवयच आहे हाताला. फार जोरात पळत होती. मला तेव्हा खरंच वाटलं की आता उठून सगळ्यांना सांगावं, राहू दे तो सामना, राहू दे क्लब, मला माझा बाप घरी न्यायचाय. मी तोंड उघडलंही. पण बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "बाय," म्हणाले, आणि माझा हात नाडीवरून बाजूला केला.

भाऊंची गाडी आली तेव्हा रेफ्रीचा अर्धा तास सरत आला होता. पांढरे कपडे, मागे चार माणसं. गर्दी बाजूला झाली. बाबांना पाहून ते थबकले.

"जय भीम काका. इथे कशाला बसलात?"

बाबांनी मॅटची कडा आणखी घट्ट धरली. भाऊ माझ्याकडे वळले. "ताई, आजारी माणसाला पुढे करून असं करायचं असतं का?"

"मी नाही आणलं त्यांना. स्वतः चालत आले," मी म्हटलं. "तुम्ही उठवून दाखवा."

ते उत्तर देणार होते, पण त्यांची नजर वर गेली. मैदानाला लागून इमारती आहेत. रविवारची सकाळ, प्रत्येक गॅलरीत माणसं उभी होती आणि बऱ्याच जणांनी मोबाइल समोर धरले होते. भाऊंनी ते सगळे मजले एकदा नीट पाहून घेतले. मग गुडघ्यांवर हात ठेवून बाबांसमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज बदलला होता.

"काका, पाहुणे साडेअकराला येणार. सव्वाअकराला मला मैदान रिकामं पाहिजे. चालेल?"

बाबांनी आधी रेफ्रीकडे पाहिलं. रेफ्रीने घड्याळ पाहिलं. "मध्यंतर पाच मिनिटांचं केलं, तर होईल कसंबसं. पण पोस्ट?"

"हां," बाबा भाऊंना म्हणाले.

मग जी धावपळ झाली ती मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. लोखंडी पोस्ट उचलायला आठ-दहा माणसं लागतात. आमची पोरं एका पोस्टला भिडली, दुसरा तसाच पडून होता. बदलापूरच्या पोरांनी आपल्या कोचकडे पाहिलं. तो बसच्या दाराशी उभा राहून फोनमध्ये काहीतरी बघत होता, बराच वेळ बघत राहिला. त्यांनी त्याचा अर्थ घेतला आणि दुसरा पोस्ट उचलला. बाबांना कॅप्टनने आणि भाऊंच्या एका माणसाने मिळून खुर्चीत आणलं. रेफ्रीने शिट्टी वाजवली तेव्हा एका जाळीची खालची दोरी बांधायची राहून गेली होती.

पहिला अर्धा खेळ गोलाविना गेला. आमची पोरं घाबरून खेळत होती, चेंडू पायात आला की लांब भिरकावत होती. स्टेजवरच्या क्रिकेट कॉमेंटेटरला रिकामं बसवेना, त्याने माइक चालू केला. "और ये लाल जर्सीवाला, क्या भागा है, एकदम बुलेट!" गॅलरीतले लोक हसायला लागले, मग टाळ्या वाजवायला लागले. आमच्या सामन्याला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती.

उत्तरार्धात घड्याळ माझ्या डोक्यात ठोके देत होतं. अकरा वाजून गेले. क्रिकेटवाले मॅटची गुंडाळी खांद्यावर घेऊन रेषेपर्यंत आले. अजून शून्य-शून्य होतं. बरोबरी झाली की आम्ही वाचणार. मी मनात म्हणत होते, एवढंच राहू दे. बदलापूरला कॉर्नर मिळाला. आमच्या गोलकीपरने क्षणभर मॅटवाल्यांकडे पाहिलं, तेवढ्यात चेंडू आला आणि त्यांच्या उंच पोराने डोक्याने जाळीत घातला. न बांधलेल्या दोरीखालून तो थेट मागच्या रस्त्यावर गेला.

शेवटी कॅप्टनने लांबून एक फटका मारला. तो आडव्या दांडीला लागला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मग शिट्टी झाली.

आम्ही खालच्या गटात गेलो. कॅप्टन चुन्यातच तोंड खाली घालून बसला, मॅटवाले त्याला वळसा घालून मध्ये गेले. बदलापूरचा कोच माझ्याशी हात मिळवायला आला. म्हणाला, "वॉकओव्हर मागायचं विसरलोच मी." आणि पटकन बसकडे वळला. रेफ्रीने माझी सही घेतली. हरल्याची सही. मी ती इतक्या घाईने केली की त्याने दोनदा पाहिली, त्याला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. सामना झाला होता आणि क्लबचं नाव लीगमध्ये राहिलं होतं.

घरी पोचल्यावर बाबांचं प्रेशर खूप वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी मला झापलं, आठवडाभर हलू द्यायचं नाही म्हणाले. दंड सुजला होता. बाबांनी वरणभात खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. हरल्याचं त्यांना खूप लागलं होतं. दोन दिवस त्यांनी "हां" की "नाय" काहीच म्हटलं नाही, आणि मला भीती वाटत राहिली की तेही शब्द गेले.

त्या रविवारीच संध्याकाळी कॅप्टन आला होता. दारातच उभा राहिला. "ताई, मंगळवारी प्रॅक्टिस ठेवायची ना?"

"कुठे? तिथे आठवडाभर क्रिकेट आहे."

"मंदिराच्या पार्किंगमध्ये. सकाळी गाड्या नसतात."

मी म्हटलं, विचारून बघ पोरांना. मंगळवारी मी लॅबला जाताना वाट वाकडी करून तिकडून गेले. नऊजण आले होते. सिमेंटवर चेंडू फार उसळत होता आणि कॅप्टन त्यांच्यावर ओरडत होता.