गाळातली चार वर्षं

दुपारचं जेवण अंगावर आलेलं. मी पडवीत कलंडते, डोळा लागतो न लागतो तोच हे उंबऱ्यात उभे. जाऊन अकरा वर्षं झाली, तरी अंगावर जहाजावरचे तेच निळे कपडे. संशोधनाच्या जहाजावर खलाशी होते. समुद्राच्या तळात लांब नळ खुपसायचा आणि गाळ वर काढायचा, ही यांची नोकरी.

"गोमते, बघायला येतेस?"

"काय? तुमची प्रियोळकर मॅडम?"

हे खालमानेनं हसतात. मरूनही खोड गेली नाही.

पडवी डुलते. पायाखाली जहाजाची फळी, पुढ्यात उभा चिरलेला नळ. आत गाळाचे थर, करडा, पांढरट, पुन्हा करडा. ती बाई जहाजावरची शास्त्रज्ञ, हे थर वाचायची. मी दुसरीत शाळा सोडलेली. ह्यांनी एकदा नळाची टोपणं उलटी लावली, वरचा गाळ खालचा ठरला. बाई रागावली नाही म्हणे. स्वतःच नळावरची खूण पुसून वरची बाजू दाखवणारा बाण नव्यानं काढला. परक्या माणसाचं एवढं पोटात घालतं कोण?

ह्यांचं बोट एका रेघेवर थांबतं. "रेघेच्या खालचा थर नि वरचा थर, मधली लाखो वर्षं गायब."

"त्या वर्षांत गाळ पडलाच नाही?"

"पडला की. तळाचा प्रवाह जोरात आला, खरवडून घेऊन गेला."

"कुठं?"

"जिथं जोर ओसरतो तिथं टाकतो. तिथं थर जाड बसतो."

"मग तुमची ती चार वर्षं? शिमग्याला आला नाहीत, पोरीच्या बारशाला नाही. माझ्याकडं नुसती रेघ. जाड थर कुणाकडं बसला?"

आता आम्ही पाण्याखाली आहोत. प्रवाह माझा पदर ओढतो, हे मागं मागं सरकतात.

"बोला ना! तिच्याकडं?"

"मधे काय होतं ते रेघ सांगत नाही गं. मॅडमनासुद्धा नाही."

"मॅडम गेली चुलीत. मी तुम्हाला विचारतेय!"

हे तोंड उघडतात. आवाज पाणी घेऊन जातं. मी त्या रेघेत अंगठा खुपसते, नखानं फाकवायला बघते.

"आई, चहा."

सून उभी. माझा हात बघून थबकते. अंगठ्याच्या नखात करडा गाळ, लोण्यासारखा मऊ. आमच्या किनाऱ्याला तर सगळी खरखरीत काळी वाळू.

"हात कुठं घातला होतात?"

"तुझ्या सासऱ्याच्या चार वर्षांत."

ती घाबरून हात धुवायला पाण्याचा तांब्या आणते. मी मूठ मिटते.

"ठेव तो तिकडं. एवढं तरी माझ्याकडं बसू दे."