बाईंचा सेट का खरखरायचा

बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीतला वायरलेस सेट मधूनच खरखरतो, अशी सेक्रेटरींची तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा माझे केस काळे होते. सेट दुरुस्त करणं हा माझा धंदा. मी तो उघडला, साफ केला, दोन वायरी बदलल्या. खणखणीत बोलायला लागला. चार महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. पुन्हा उघडला, आत काहीच नाही. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या हातून गेलेला सेट खरखरत नाही, हे मी सेक्रेटरींना तोंडावर सांगितलं आणि दिवसभर त्या खोलीत ठाण मांडून बसलो.

खोली माडीवर. एक खिडकी, खाली धक्का. टेबलावर सेट, माइक आणि बोटींची नावं लिहिलेली वही. सेटवर एक बाई बसायच्या. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणत. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला एकेक बोट बोलायची: कुठं आहोत, वारा कसा आहे. तेव्हा फोनची रेंज धक्क्यावरून दिसणाऱ्या बेटापलीकडे जात नसे. त्यामुळे बोटीवरच्यांच्या घरची माणसं जिन्यात रांग लावून उभी असायची. ‘सांगा त्यांना, धाकटी पास झाली.’ ‘सांगा, छप्पर शाकारून झालं.’ बाई सगळं नीट सांगायच्या, वर स्वतःचं पदरचं काही घालायच्या नाहीत.

या माणसांची एक रीत होती. वाईट बातमी समुद्रावर पाठवायची नाही. माणसाचा पाय जमिनीला लागला की मग सांगायची. मन थाऱ्यावर नसलेला माणूस जाळ्याच्या दोरीत पाय अडकवून घेतो, असं एकदा झालं होतं म्हणे. पण पाण्यावरचा माणूस विचारणारच ना? आणि बाईंची अडचण अशी, की त्यांना खोटं बोलता यायचं नाही. तोंडदेखलं ‘बरं आहे’सुद्धा त्यांच्या घशाबाहेर पडायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी एका बोटीवरचा इंजिन सांभाळणारा तरुण सेटवर आला. ‘बाई, आईचा ताप उतरला का?’ त्याच्या आईला सकाळीच दवाखान्यात हलवलं होतं, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. बाईंनी खण उघडला, बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद काढला आणि माइकजवळ धरून चुरगाळायला लागल्या. ‘हॅलो... आवाज तुटतोय रे... हॅलो... मग बोलू.’ आणि बटण बंद.

बाईंना साखरेचा आजार. बिस्किट त्यांनी दहा वर्षांत तोंडात घातलं नव्हतं. मला सगळा उलगडा झाला, आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

‘बाई, माझ्या धंद्याची अब्रू घालवलीत की!’

‘तुमची अब्रू जाईना का,’ त्या डोळे मिटून म्हणाल्या. ‘त्याला दोन दिवस सुखाची झोप लागू दे.’

आई त्याच रात्री गेली. तो तिसऱ्या दिवशी धक्क्याला लागला. बाईंना एक शब्द बोलला नाही. पुढे तोच त्या बोटीचा तांडेल झाला, म्हणजे बोटीवरचा मुख्य. आणि मी? मी सेक्रेटरींना सांगितलं की समुद्रावरच्या हवेनं खरखरतं, त्याला औषध नाही. माझ्या उभ्या आयुष्यातलं धंद्यातलं हे एकच खोटं.

मग दीपस्तंभाच्या टेकडीवर टॉवर उभा राहिला. बोटींच्या केबिनवर रेंज पकडणारी, उपड्या पातेल्यासारखी यंत्रं बसली. पूर्वी जिथं नुसतं पाणी होतं तिथं फोन वाजायला लागले. जिना रिकामा झाला. जो तो घरच्या घरी बोलू लागला, भांडूसुद्धा लागला. एकानं समुद्रातून बायकोला भाजीत मीठ जास्त पडल्याचं सुनावलं, आणि तिनं फोन कापला. रीत मात्र टिकून होती. घरात कुणी आजारी असलं की फोनवर सगळे मूग गिळून बसत. बाई सवयीनं सात वाजता येऊन बसायच्या. बोलणारं कुणी नसायचं.

मागच्या वर्षी सोसायटीनं जुना सेट काढून न्यायला मला बोलावलं. मी गेलो तर बाई हातात फोन धरून बसलेल्या. सकाळचे अकरा वाजले होते. समोर चहावर साय धरली होती.

त्यांचे यजमान जाळी विणायचे. चार दिवसांपूर्वी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं. काल डॉक्टर म्हणाले, फार तर तीन दिवस. एकुलता एक मुलगा बोटीवर, त्याच तांडेलाच्या हाताखाली. बोट परतायला अजून सहा दिवस होते.

‘हे म्हणतात, त्याला सांगू नकोस, रीत मोडू नकोस,’ बाई म्हणाल्या. ‘कालपासून फोन हातात आहे माझ्या. लोकांच्या पोरांचं मी सत्तावीस वर्षं ठरवलं. माझ्या पोराचं मला ठरवता येत नाही.’

मी उंटावरचा शहाणा. एवढंच म्हटलं, ‘बोट आत्ता वळली तर उद्या दुपारी पोचेल.’

त्यांनी फोन लावला. मुलाचा फोन आदल्या फेरीत पाण्यात पडला होता, म्हणून तांडेलाच्या फोनवर. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून इंजिनाची धडधडसुद्धा स्पष्ट ऐकू येत होती.

‘बोला बाई.’

‘अरे, माझ्या पोराला दे जरा.’

 आणि मग फोनमधून आवाज यायला लागला. चुर्र, चुर्र. ‘हॅलो... बाई... तुटतंय... रेंज नाही...’

मी आयुष्यभर खरखर ऐकली आहे. हा कागद होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

‘ठेव तो कागद!’ त्या ओरडल्या. बाई ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. ‘मला शिकवतोस? त्याला सांगायचंय मला. दे त्याला!’

आवाज थांबला. पण तांडेलाच्या आधी मुलगाच बोलला. शेजारीच उभा होता.

‘आई, बाबांना काय झालंय?’

‘तुला... तुला कुणी सांगितलं?’

‘आत्ता कागद वाजला ना,’ तो म्हणाला. ‘अगं, कागद वाजला म्हणजे घरी काहीतरी झालं. सगळ्यांना ठाऊक आहे.’

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. एकही शब्द तुटला नाही. बोट तिथूनच वळली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मी बाईंबरोबर होतो. मुलगा दोर बांधायच्या आधीच उडी मारून दवाखान्याकडे धावला. बापाबरोबर त्याला पुढचा दीड दिवस मिळाला. बाप म्हणे आधी रागावला, मग पोराचा हात धरून ठेवला तो शेवटपर्यंत. पण ते नंतरचं. आधी बाई धक्क्यावरच थांबल्या. तांडेल बोटीवरून उतरून त्यांच्यापुढे उभा राहिला.

‘तुझी आई आजारी होती तेव्हा,’ बाई म्हणाल्या, ‘तुला कळलं होतं?’

‘त्या दिवशी वारा नव्हता, ढग नव्हता. सेट स्वच्छ होता, बाई. कळलंच की.’

‘मग दोन दिवस...’

‘दोन दिवस जाळं ओढलं. झोपलो नाही.’

बाई खाली दगडावर बसल्या. ‘मला वाटायचं, मी तुम्हाला झोप देतेय. अकरा जण होते. मला अकराही आठवतात. कुणीच का बोलला नाहीत रे?’

तांडेल टोपी हातात फिरवत राहिला. ‘तुम्ही आमच्यासाठी एवढं करत होतात. उपयोग होत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि काल... तुमचा आवाज ऐकला आणि कळलं. पोरगा शेजारीच होता. तोंडानं सांगायचा धीर होईना. हात आपोआप कागदाकडे गेला. आम्हाला सांगायची दुसरी तऱ्हाच माहीत नाही, बाई.’

सेट मी नेला नाही. सेक्रेटरींना म्हटलं, मोडीत काढायची घाई करू नका, टॉवर वाऱ्यात बंद पडतो. ते पटलं त्यांना. बाईंच्या खणात आता कागद नाही. गेल्या महिन्यात एक सून जिन्यात येऊन रडत उभी राहिली. सासरे गेले होते, नवरा पाण्यावर, आणि तिला फोनवर बोलवत नव्हतं. बाईंनी तिला शेजारी बसवलं आणि त्याच्या बोटीचा फोन लावला. बाईंचा हात सवयीनं खणाकडे गेला आणि परत आला. पलीकडे तिच्या नवऱ्यानं वाट पाहिली, मग तोच हळूच म्हणाला,

‘बोला बाई. ऐकू येतंय.’